पश्चिमेची काच

१४ मे, गुरुवार

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

आम्ही सगळे ठीक आहोत. आईचा गुडघा बराच बरा आहे; आता काठी न घेता गच्चीवर जाते आणि झाडांना पाणी घातलं नाही म्हणून वरूनच माझ्यावर डाफरते. तुझ्या भावजयीने तुझ्यासाठी शाल विणायला घेतली आहे. एवढ्या उन्हात लोकर कशाला, असं विचारून मी बोलणी खाल्ली.

तुझा निरोप मिळाला. मंगळवारी पुरस्काराचे परीक्षक तू बांधलेली इमारत बघायला येणार, तेव्हा हिशेब विभागातले पंखे आणि रिबिनी काढून टाकायच्या, कारण ते 'गबाळं दिसतं'. दिसतं खरं. पण ते तिथे का आहेत हे तू विचारलं नाहीस, म्हणून मीच सांगतो.

तू दिव्यांना सेन्सर बसवलेस. हालचाल थांबली की दिवे बंद. कल्पना झकास. पण हिशेबाची माणसं आकड्यांत डोकं घालून पुतळ्यासारखी बसतात, आणि सेन्सरला वाटतं खोली रिकामी आहे. मग सगळ्यांनी उठून हात हलवायचे. या कवायतीला कंटाळून तिथल्या मोठ्या बाईंनी टेबलपंख्याला लाल रिबीन बांधली आणि तो सेन्सरसमोर ठेवला. मग प्रत्येक सेन्सरसमोर असा पंखा आला. घरी जाताना ते बंद करायचं कुणाच्या लक्षात राहत नाही. रिबिनी फडफडत राहतात, दिवे जळत राहतात.

मी म्हटलं, "अहो बाई, निदान जाताना तरी बंद करत जा."

"तुमच्या इमारतीला मी दिसत नाही, पंखा दिसतो. मग पंख्यालाच सांगा ना," त्या म्हणाल्या. मी हात जोडले आणि निघालो.

पश्चिमेकडचं तर विचारूच नकोस. काच संध्याकाळपर्यंत तव्यासारखी तापते आणि खिडक्या उघडत नाहीत. तिथल्या मंडळींनी एसीच्या थर्मोस्टॅटखाली गरम चहाचा कप ठेवायची युक्ती काढली आहे, म्हणजे खोली तापलीय असं वाटून एसी जोर करतो. त्याच एसीवर पूर्वेकडची माणसं आहेत. ती गारठतात आणि टेबलाखाली हीटर लावतात. एकाच मजल्यावर एसी आणि हीटर एकमेकांशी भांडताहेत, आणि दोन्हीकडच्या तक्रारी ऐकून माझ्या नाकी नऊ आलेत.

ताई, मूळ नकाशात पश्चिमेला बाहेरून आडव्या झडपा होत्या. त्यांनी ऊन कसं अडतं, ते तूच मला पेन्सिलने काढून दाखवलं होतंस. मालकांना रस्त्यावरून नुसती काच दिसायला हवी होती. तू हो म्हणालीस. तेव्हा मला राग आला नव्हता. मालकांपुढे कुणाचं चालतं?

राग परवाच्या बैठकीचा आहे. इतका वेळ पंखे आणि चहा लिहीत बसलो तो त्यामुळेच. वीज ठरल्यापेक्षा इतकी जास्त का लागते, असं मालकांनी विचारलं आणि तू व्हिडिओ कॉलच्या पडद्यावरून म्हणालीस, "इमारतीत काही चूक नाही. चालवणाऱ्यांना ती कळलेली नाही." चालवणारा मी. दुसऱ्या रांगेत बसलो होतो. तू मला पाहिलंस आणि पुढच्या प्रश्नाकडे वळलीस. आपण सख्खी भावंडं आहोत हे तिथे कुणालाच ठाऊक नाही. लोक वशिल्याचा म्हणतील म्हणून गप्प राहायचं तूच ठरवलं होतंस. मीही मूग गिळून बसलो. आता सगळं खापर माझ्या डोक्यावर आहे आणि माझ्या जागी दुसरा माणूस शोधताहेत.

मला फार लागलं, ताई.

पंखे मी काढणार नाही. मंगळवारी परीक्षकांच्या आधी ये आणि दुपार कलल्यावर पश्चिमेच्या कुठल्याही टेबलाशी तासभर बस. मग मालकांना झडपांचं सांग. पुरस्कार हुकेल कदाचित. माझी नोकरी तर तशीही जातेच आहे, ती मागायला हे पत्र लिहिलेलं नाही.

काल जेवताना आईने विचारलं, "बैठकीत ताई होती ना? तुझी बाजू घेतली असेल तिने." मी हो म्हणालो. ते खरं करायला तुझ्याकडे मंगळवारपर्यंत वेळ आहे.

तुझा,
धाकटा