दाजींची बेरीज

तोंडवली, १३ जानेवारी २०२५

ती. आनंदी आत्येस प्राजक्ताचा सा. न. वि. वि.

फोनवर सगळं घर कान लावून बसतं, म्हणून हा कागद एसटीतून पाठवतेय. गंधारचं स्थळ सगळ्यांना पसंत आहे, मलाही. पण त्याचं वय कोणी सरळ सांगेल तर शपथ! त्याचे मामा दाजी गणिताचे निवृत्त मास्तर. म्हणाले, धाकट्या बहिणीपेक्षा तो सहा वर्षांनी मोठा. बहिणीचं विचारलं, तर म्हणे दोघांची बेरीज बहिणीच्या दुपटीपेक्षा सहाने जास्त, काढा तुम्हीच! आमचे अप्पा नुसते जमिनीकडे बघत बसले. मी गणितात धोंडा. तू सातवीला शिकवतेस, तेवढं सोडवून दे. रविवारी उत्तर द्यायचंय.

लोभ आहेच, त्यात वजाबाकी नको.

तुझी प्राजक्ता

कसाल, १६ जानेवारी २०२५

चि. प्राजक्ता हिस अ. उ. आ.

बहिणीचं वय माहीत नाही, त्याला क्ष म्हण. गंधार क्ष + ६. दोघांची बेरीज २क्ष + ६. आता दाजींचं ऐक. बहिणीची दुप्पट २क्ष, त्याहून सहा जास्त, म्हणजे पुन्हा २क्ष + ६. मेल्याने एकच गोष्ट दोनदा सांगितली! बहीण पाच वर्षांची धर नाहीतर पन्नासची, गणित जुळतंच. ही चलाखी मी चांगली ओळखते.

वय लपवणारा आणखी काय लपवत असेल? पहिलं लग्नसुद्धा असेल, देव जाणे. पाणी मुरतंय गो बाये. अप्पा भोळो, तेका काय कळना नाय. रविवारी होकार देऊ नको.

आशीर्वाद नेहमीइतके, काळजी दुप्पट.

तुझी आत्या

तोंडवली, २० जानेवारी २०२५

ती. आत्येस सा. न. वि. वि.

शनिवारी मालवणच्या धक्क्यावर गंधारला गाठलं आणि तुझा क्ष त्याच्यापुढे ठेवला. बिचारा कानापर्यंत लाल झाला. एक्केचाळीस, म्हणाला. मग त्यानेच माझं वय विचारलं. अप्पांनी आधीच त्यांना सांगून ठेवलं होतं, की प्राजक्ता आमच्या थोरल्या मुलापेक्षा, समर्थपेक्षा, चार वर्षांनी लहान, आणि दोघांची बेरीज समर्थच्या दुपटीपेक्षा चारने कमी! दाजींनी फक्त परतफेड केली. त्याची आई तर माझ्या पहिल्या लग्नाची चौकशी करत फिरतेय.

मी अडतीस सांगितलं. तो हसला, आणि माझा जीव भांड्यात पडला.

घरी येऊन अप्पांना विचारलं, हे कोणी शिकवलं. पुन्हा जमिनीकडे बघत म्हणाले, आनंदीनच शिकवल्यान.

काल मी होकार दिला. साखरपुड्याला नक्की ये. पंगतीत तुझं पान दाजींच्या शेजारी मांडायला सांगितलंय.

तुझी लाडकी (अजून असेन तर) प्राजक्ता