हल्ली चक्कर येत नाही

सोलापूर,
बुधवार, १९ मे १९७६

ती. अक्का,

शिवयोगीचा तुला आणि दाजींना नमस्कार. तुझं कार्ड येऊन बरेच दिवस झाले. उत्तर आलं नाही म्हणून भाऊ रागावला, असं तू धरून बसली असशील. तसं नाही. दोनदा लिहायला घेतलं आणि फाडलं.

दाजींचा गुडघा कसा आहे? इकडे ऊन फार आहे. कारखान्यावरचे पत्रे तापले की दुपारी ऑफिसात बसवत नाही, हाताच्या घामाने शाई पसरते. मालक पंखा देतो म्हणतात, देत नाहीत. टॉवेलला मागणी बरी आहे. नळाला एक दिवसाआड पाणी येतं, ते एकट्याला पुरून उरतं. शेजारच्या कस्तुराबाई रोज संध्याकाळी भाकरी आणि आमटी पाठवतात. नको म्हटलं तर म्हणतात, "गौरम्मानं मला सांगून ठिवलंय, तुमी गप खावा." गौरम्माने खरंच तसं सांगितलं होतं की बाईंनी आपल्या मनाने जोडलं, हे मला कळलेलं नाही. विचारायला धीर होत नाही.

तू विचारलंस, जेवतोस का, झोपतोस का. दोन्ही करतो. शेवटी विचारलंस, पावसाच्या आत माळवदावर माती टाकायला माणूस लावलास का.

माणूस लावला नाही. मीच टाकली.

हे वाचून तू दाजींना हाक मारली असशील. पण खरं आहे. शिडी लावली, वर गेलो, पांढऱ्या मातीच्या पाट्या दोरीने ओढून घेतल्या, पसरल्या, पाणी मारून दाबल्या. पन्हाळीत कचरा अडकला होता, तो कडेला बसून काढला. पाय खाली गल्लीत सोडले होते. कस्तुराबाईंचे यजमान नागप्पा ओट्यावरून बघत होते. म्हणाले, "काय ओ, आजवर बाई वर आन् तुमी खाली! आज उलटं कसं झालं?" बोलून गेले आणि मग त्यांच्या लक्षात आलं. उठून आत गेले, दिवसभर बाहेर आले नाहीत. मला मात्र त्यांच्या बोलण्याचं वाईट वाटलं नाही. वाईट का वाटलं नाही, याचाच विचार करत मी वर बसलो होतो.

मी कसा होतो ते तुझ्याइतकं कुणाला माहीत नाही. जोंधळ्यावरची पाखरं हाकायला मला मचाणावर चढवलं आणि मी तिथे दांडा धरून जो बसलो, तो उतरेचना. तू पाठीवर घेऊन उतरलीस. मी दोन्ही मुठींत तुझे केस धरले होते. अण्णा खालून ओरडले, "पोरगं हाय का मांजार?" तर तू म्हणालीस, "मांजार आपलं आपन उतरतंय की." सगळं रान हसलं.

गौरम्माला हे लग्नानंतरच्या पहिल्या गड्ड्याच्या जत्रेत कळलं. तिला पाळण्यात बसायचं होतं. नवी नवरी, नाही कसं म्हणायचं, म्हणून बसलो. पाळणा वर जाऊन थांबला तेव्हा मी डोळे मिटून तिच्या लुगड्याचा काठ दातांत धरला होता. खाली उतरल्यावर मी ओकलो. बरोबर तिचे मामा-मामी होते. ती चटकन तोंडाला पदर लावून म्हणाली, "मलाच मळमळाय लागलं, माझं बघून त्येनलाबी झालं." तेव्हापासून तिने ते आपल्यावरच घेतलं. माळवदावर तीच जायची. पत्रावळ्या, डबे, गौरीचं सामान, माळ्यावरचं सगळं तीच काढायची. कुणी विचारलं तर सांगायची, "ह्येनला उन्हाचा तरास हाय." घरातल्या माळ्यावर ऊन कुठलं, असं कुणी विचारलं नाही. मीही तिला कधी विचारलं नाही की तुला याचा कंटाळा येतो का.

हे जन्माचं आहे, असं मी धरून चाललो होतो. आता नाही. हल्ली चक्कर येत नाही. पोटात गोळा येत नाही, तळपायाला घाम येत नाही. गेलं ते.

मी आनंदाने सांगावं अशी ही गोष्ट. पण कुणाला सांगू? लोक म्हणतील, बायको गेली आणि हा मोकळा झाला. मलाही एकदा तसं वाटलं. मग वाटलं, ती होती म्हणून मी पडायला भीत होतो, आता भिण्याचं कारण उरलं नाही. पण तेही पटत नाही. ती यायच्या आधीही मी भीतच होतो की. तेव्हा कुणासाठी भीत होतो?

हे केव्हा झालं ते मात्र मला माहीत आहे. तूही तिथे होतीस. रुद्रभूमीत तिला समाधीच्या खड्ड्यात उतरवली तेव्हा. विहिरीत डोकावायला न धजणारा मी, विधी करणाऱ्या अय्यांनी बोलावलं नसताना कडेपर्यंत गेलो आणि वाकून बघत राहिलो. आपल्या रीतीप्रमाणे आत तिला बसवली होती, हातात तिचं इष्टलिंग दिलं होतं. तिची मान जरा डावीकडे कलली होती. कुणीतरी ती नीट करावी, एवढंच माझ्या मनात होतं. खड्डा किती खोल आहे, हे मनात आलंच नाही. मागून कुणीतरी दंड धरला, तो मी झटकला. तो हात तुझा होता हे मला नंतर कळलं. तुझी बांगडी फुटली. सवाष्णीची बांगडी, तीही तशा जागी. तू तिसऱ्या दिवशी न बोलता गेलीस, ते बरोबरच होतं. दाजींच्या गुडघ्याची चौकशी मी वर एकाच ओळीत उरकली, कारण त्या दिवशी मला आवरतानाच तो दुखावला असं तू कार्डात लिहिलं आहेस.

आता पुढचं. हे लिहायचं नव्हतं, पण जोतीरामने सांगितलं आहे, बहिणीला कळवा, नाहीतर मी मालकांच्या कानावर घालतो. जोतीराम आमच्या कारखान्यातला फिटर.

गेल्या आठवड्यात वावटळीने शेडचा एक पत्रा उचलला. जोतीराम वर गेला आणि त्याच्या मागोमाग मीही गेलो. कारकुनाचं ते काम नव्हे. तो हसला. "काय सायेब, रजिष्टर उडून वर आलं का काय?" मी म्हटलं, बोल्ट दे इकडे. मग आम्ही काम करत होतो. थोड्या वेळाने तो अगदी हळू म्हणाला, "सायेब, हलू नका." मी विचारलं, काय झालं? "हलू नका म्हंतो न्हवं!" त्याने माझा पट्टा मागून धरला आणि मला खाली बसवलं. मग शिव्या दिल्या. मला कुणी अशा दिल्या नव्हत्या. "पाय बगा की आपला! कुटं ठिवला व्हता?" माझं उजवं पाऊल अर्धं पत्र्याबाहेर होतं. खाली फरशी.

त्याला बिडी पेटवता येईना. मी ती एका काडीत पेटवून दिली.

पाय चुकून गेला, असं मी त्याला सांगितलं. चुकूनच गेला असावा. मी ते पुन्हा पुन्हा आठवून बघतो. मरावं असं मनात नव्हतं, अक्का. तू तसं समजू नकोस. पण पडू नये, असंही नव्हतं. तिथे काहीच नव्हतं. इतर माणसांना अशा वेळी आपोआप काही होत असेल. मला तर जन्मभर ते इतरांहून जास्तच होत होतं. ते एकदम कुठे गेलं, कळत नाही.

आणि असं असताना मला विजापूरला जायचं आहे.

लग्नानंतर काही वर्षांनी आम्ही आणि तिच्या मामांच्या घरचे तिकडे गेलो होतो. सगळे गोलघुमटात वर गेले. मी बाहेर झाडाखाली जेवणाचे डबे राखत बसलो. गौरम्मा खाली आली ती तोंड लाल करून. म्हणाली, "तुमचं नाव घेतलं." मी म्हटलं, कुठे? "वर. उखान्यात न्हाई, नुस्तं. मोट्यानं. तर तो घुमट तुमचं नाव घ्यायचं थांबंचना. मलाच लाज वाटली." एरवी मला ती कानडीतलं 'री' म्हणायची, नाहीतर 'अवो'. मी म्हटलं, इथे पुन्हा म्हण. म्हणाली, "हितं न्हाई. तुमी वर या, मग म्हंते." पुढे कधी मी रुसलो की हेच. वर या, मग म्हंते. मी कधी गेलो नाही. माझं नाव तिच्या तोंडी कसं लागत होतं, ते मला माहीत नाही.

आता मला वर जाता येईल. जिना चढेन, चक्कर येणार नाही. वर जाऊन काय करणार, ते ठरवलेलं नाही. तिथे काही शिल्लक नसणार, एवढी अक्कल मला आहे. तरी जायचंच, असं झालं आहे. पण त्या सज्जात उभा राहिल्यावर मी कठडा धरीन की नाही, हे मला आज इथे बसून सांगता येत नाही. त्यामुळे एकट्याने जाऊ नये, असं वाटतं.

येत्या नव्हे, पुढच्या रविवारी, ३० तारखेला, मी विजापूरवरून जाणाऱ्या सकाळच्या गदग गाडीत बसेन. ती होटगीला थांबते. अक्कलकोटहून तुला होटगीला यायला त्याआधीची गाडी आहे, मी स्टेशनवर विचारून आलो. मी डाव्या बाजूच्या खिडकीशी असेन. दाजींना काय सांगायचं ते तू बघ. माझ्याबद्दल सगळं सांगितलंस तरी चालेल. तू फलाटावर दिसलीस तर आपण दोघं पुढे जाऊ. दिसली नाहीस तर मी होटगीलाच उतरेन आणि परत घरी येईन. जोतीरामला तसा शब्द दिला आहे, तुलाही देतो.

उतरेन असं लिहिलं आहे खरं. पण तू ये.

तुझा भाऊ,
शिवयोगी