स्नेहलच्या लेखी मेलो, म्हणून हे लेखी

मी, निरंजन कुशाबा दळवी, वय वर्षे बावीस, राहणार उरवडे, तालुका मुळशी, जिल्हा पुणे, लिहून ठेवतो की, रविवार दिनांक ८ फेब्रुवारी २०२६ रोजी दुपारी सव्वा वाजता, भुकूमच्या मंगल कार्यालयात, एकनाथतात्यांनी मी बनवलेल्या छोट्या रणगाड्याची पुठ्ठ्याची झडप नखाने उचकटली, आणि त्या क्षणी माझं सगळं फिरलं. पुढच्या दहा मिनिटांत त्यांची नात स्नेहल चपलांच्या रॅकजवळ मला म्हणाली, "माझ्या लेखी तू मेलास, निरंजन." मेलेल्या माणसाच्या वस्तूंची काहीतरी व्यवस्था लागते. ती मी स्वतःच लावतो आहे.

माझी बुद्धी शाबूत आहे. कुणाचा दबाव नाही. राग आहे, पण राग म्हणजे दबाव नव्हे, असं मी धरून चालतो. आईने हा कागद वाचून विहिरीकडे पळू नये. मी जिवाचं काहीही करणार नाही, सकाळीच तीन भाकऱ्या खाल्ल्या आहेत. येत्या सोमवारी मी मामाच्या ओळखीने रांजणगावच्या कारखान्यात कामाला जाणार आहे आणि तिकडेच राहणार आहे. मुळशीत परत यायचा विचार नाही. मागे काय राहतं आणि ते कुणाचं, एवढ्यापुरतं हे मृत्युपत्र.

हे लिहिताना शेजारी माझा मित्र साहिल बसला आहे. आम्ही दोघं उरवड्याच्या एकाच कंपनीत कंत्राटी कामाला आहोत. त्याला मी साक्षीदार म्हणून बोलावलं, पण तो प्रत्येक ओळीवर मत देतो आहे.

कलम १. माझी खोली. ही खोली वडिलांच्या मालकीची असून ती मी त्यांना देण्याचा प्रश्न येत नाही, असं साहिल म्हणतो. तरी लिहितो. खोली भाड्याने द्यायची तर लवळ्याच्या हॉस्टेलमधून बाहेर पडलेल्या पोरांना देऊ नये. कामावरच्या माणसाला द्यावी. खिडकीखालचं टेबल मात्र काढू नये. त्यावर रंगाचे डाग आहेत, ते रॉकेलने निघत नाहीत, मी पाहिलं आहे.

कलम २. बँकेत जे काही असेल ते आईला. फार नाही. ती विचारणारही नाही.

कलम ३. कॉलेज. लवळ्याला मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षापर्यंत होतो. प्रॅक्टिकलच्या सरांनी माझं जर्नल खिडकीतून बाहेर फेकलं, म्हणून मी कॉलेज फेकलं. जर्नल उचलून आणून दिलं होतं स्नेहलने. ती म्हणाली, "सॉरी म्हण आणि आत जा, पाच मिनिटांचं काम आहे." मी पाच मिनिटं वाचवली आणि दोन वर्षं घालवली. ते जर्नल माळ्यावर आहे. सरांवरचा राग मी इथे सोडून देतो, कारण सोमवारी बॅगेत तेवढी जागा नाही. जर्नल रद्दीत द्यावं.

कलम ४. हत्यारं. एक नेलकटर, जो माझ्या बहिणीचा, दिशाचा आहे आणि मी तो वर्षभर लपवून ठेवला होता. मी जोडतो त्या छोट्या मॉडेलांच्या किटचे भाग प्लॅस्टिकच्या काडीला चिकटून येतात, ते त्याने कापले की नख कापल्यासारखे सुटतात. तो दिशाला परत. चार ब्रश, त्यातला एक इतका झिजलेला की एकच केस उरला आहे. बाटल्यांची झाकणं, ज्यात मी रंग कालवायचो. पॉलिश पेपर, दोन वेगळ्या नंबरांचे. टूथपिकचा डबा. हे सगळं साहिलला.

साहिल म्हणतो, "मी काय करू याचं? दात कोरू?"

ठेव, कधीतरी हात शिवशिवतील.

कलम ५. विमान. दुसऱ्या महायुद्धातलं लढाऊ विमान, तळहाताएवढं. माझं पहिलं किट. पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी गंजलेल्या कुलपांच्या ढिगाशेजारी सापडलं. खोक्यावर आमच्या जन्माआधीची तारीख होती आणि किंमत इतकी कमी की मी घासाघीसही केली नाही. मला काहीच येत नव्हतं. फेविक्विकने सगळं चिकटवलं, पायलटला आत बसवलं, वरची पारदर्शक काच फेविक्विकनेच चिकटवली आणि झोपलो. सकाळी काच आतून पांढरी झालेली. त्या गोंदाची वाफ काचेवर बसते, हे नंतर कळलं. दिशा बघून म्हणाली, "दादा, तुझ्या पायलटला मोतीबिंदू झालाय." पाण्यात भिजवून विमानावर लावायची स्टिकरं इतकी जुनी होती की पाण्यात टाकताच त्यांचा चुरा झाला. मग शिक्के हाताने काढले. त्या रात्री मात्र मी कुणावरही चिडलो नाही. हे आईच्याही लक्षात आलं होतं. ती म्हणाली, "ते काय चिकटवतोस ते रोज चिकटवत जा."

विमान दिशाला, चेष्टा करण्याच्या हक्कासह.

कलम ६. रणगाडा. हे कलम मोठं आहे. साहिलला मी चहा आणायला पाठवलं आहे.

एकनाथतात्या म्हणजे स्नेहलचे आजोबा, फौजेतले. रणगाड्यांचे मेकॅनिक. पासष्टच्या लढाईत ते वीस वर्षांचे होते आणि पंजाबात सेंच्युरियन जातीच्या रणगाड्यांवर काम करत होते. यंदा त्यांना एक्याऐंशी झाली, म्हणून सहस्रचंद्रदर्शन. दिवाळीत स्नेहल मला म्हणाली होती, "तात्यांकडं त्यांच्या रणगाड्याचा एक फोटोसुद्धा नाही. तू करशील का छोटा?" तिने माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट. मी हो म्हणालो. तोवर माझी तीन किटं झाली होती आणि तिन्ही बिघडली होती.

जुन्या बाजारातला माणूस मला एक झाकण नसलेलं खोकं देत म्हणाला, "सेंच्युरियनच हाय, डोळं झाकून घ्या." मी खरंच डोळे झाकून घेतलं. सूचनांचा कागद नव्हता. रबरी पट्टे सुकून तुटले होते, ते मी स्टेपलरच्या पिनांनी जोडले. मध्येच एकदा भुकूमला तात्यांना भेटायला गेलो. त्यांनी कॅलेंडरच्या मागे त्यांच्या तुकडीचं चिन्ह काढून दिलं, मग रंग कसा दिसायचा ते सांगितलं: "हिरवा न्हाई रं. वर धूळ बसल्यावर जो होतो तो." आणि मग आणखी एक गोष्ट सांगितली. घरात कुणाला ती ठाऊक नाही, असंही सांगितलं. ती मी इथे लिहिणार नाही. एवढंच लिहितो, की ज्या वेळची ती गोष्ट आहे त्या वेळी ते पाना घेऊन लांब तंबूत बसलेले नव्हते.

सोहळ्याला चार दिवस असताना मी रणगाड्याचं पोट घासत होतो. तिथे बारीक अक्षरं कोरलेली होती. मोबाईलवर शोधलं. तो सेंच्युरियन नव्हता. पॅटन होता. समोरच्यांचा. ज्याच्या तोफा तात्यांच्या माणसांवर रोखलेल्या होत्या तो.

मला सांगता आलं असतं. स्नेहलला एक फोन. ती चिडली असती, मग हसली असती. पण तिने तोवर सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, आणि तिचे वडील, कैलासकाका, सगळीकडे म्हणत फिरत होते, "कॉलेज सोडलेलं पोरगं आता खेळणी बनवतंय." मला त्यांना दाखवायचं होतं. सेंच्युरियनच्या चाकांना बाजूने लोखंडी झडपा असतात, पॅटनला नसतात. मी पेढ्यांच्या खोक्याचा पुठ्ठा कापून झडपा केल्या, चाकं झाकली, धुळीचा रंग दिला आणि वर एका केसाच्या ब्रशने तात्यांच्या तुकडीचं चिन्ह काढलं. ते चिन्ह माझ्या हातून इतकं चांगलं कधीच उतरलं नव्हतं. शत्रूच्या रणगाड्यावर.

रविवारी औक्षण झालं, तुला झाली. स्नेहलने रणगाडा तात्यांच्या ओंजळीत ठेवला. त्यांनी चष्मा पुसला. गोल फिरवून पाहिलं, वरचा बुरुज बोटाने चाचपला. मग झडपेखाली नख घातलं. ती अलगद सुटली.

"पोरा," ते म्हणाले, "ह्यो पॅटन हाय. शर्ट आमचा घातलाय त्याला."

ते हसले होते, हे मी शपथेवर लिहितो. तात्या हसत होते. त्यांना राग आलेला नव्हता. पण मागून कैलासकाका म्हणाले, "ह्याच्या हातनं एक गोष्ट धड झालीय का आजवर?" आणि दोनचार जण हसले. मग मी तात्यांकडे बघून बोललो. काकांकडे बघून नाही.

मी म्हणालो, "पॅटन असू दे न्हाईतर बैलगाडी. तुमाला काय फरक पडतो? तुमी तर लढाईत लांब तंबूत पाने फिरवत बसला होता."

वाढपी जागीच थांबला. मला खरं काय ते ठाऊक होतं, आणि तरी मी हे बोललो. हे ठाऊक असणारा मांडवात त्यांच्याशिवाय मी एकटाच होतो. तात्यांनी एकवार माझ्याकडे पाहिलं. रणगाडा टेबलावर ठेवला. त्याची वाकडी झालेली तोफ दोन बोटांनी सरळ केली. पानावर बसले, पण जेवले नाहीत.

सदर रणगाडा कार्यालयातून साहिलने उचलून आणला. तो एकनाथतात्यांना द्यावा.

कलम ७. स्नेहल. तिला द्यायला माझ्याकडे काही नाही. तिने मला दिलेलं बरंच आहे, ते परत करता येत नाही. मी तिच्यावर प्रेम करतो हे तिला मी कधी सांगितलं नाही. आता मेल्यावर सांगणं बरं दिसत नाही, तरी कागदावर असू द्यावं. तिने बोललेलं खरं होतं. तिच्यावर माझा राग नाही. रविवारी संध्याकाळी होता.

कलम ८. कैलासकाकांशी माझं भांडण मी कायम ठेवतो. ते कुणाला वारसाहक्काने जाऊ नये.

कलम ९. वडील. रविवारी घरी आल्यावर कुशाबा दळवी मला एवढंच म्हणाले, "म्हाताऱ्याला बोललास?" मी हो म्हणालो. चार दिवस झाले, ते माझ्याशी बोललेले नाहीत. माझ्या ताटाशेजारी पाण्याचा तांब्या मात्र स्वतः आणून ठेवतात. त्यांना माझं घड्याळ.

साहिल चहा घेऊन आला आणि वरचं सगळं वाचत उभा राहिला. बराच वेळ. मग म्हणाला, "साक्षीदार दोन लागतात. मी एक. दुसरा कोण?"

मी म्हणालो, कुणीही. शेजारचा.

"शेजारच्याला काय माहीत तुझी बुद्धी शाबूत हाय का न्हाई? रविवारी तर नव्हती." चहाचा घोट घेऊन तो म्हणाला, "ज्यानं ती नसलेली बघितली, त्यानंच आता हाय म्हणून लिहावं."

मी म्हणालो, तात्या सही करणार नाहीत.

"न करू दे. वाचतील तरी. तू तोंडानं सांगायला गेलास तर तिथं पुन्हा काहीतरी बोलशील. मी वळखतो तुला."

आणखी एक अडचण त्याने काढली. ज्याला काही मिळायचं असतं त्याने साक्षीदार होऊ नये, असं त्याने तलाठ्याकडे ऐकलं आहे. खरं-खोटं मला माहीत नाही. पण विचार करून मी खालीलप्रमाणे दुरुस्ती करतो.

दुरुस्ती. कलम ४ मधली साहिलची हत्यारं दिशाला. कलम ६ मधलं शेवटचं वाक्य रद्द. एकनाथतात्यांना मी काहीही देत नाही. त्यांना पॅटन देण्याची माझी लायकी नाही, आणि देऊन सुटण्याचीही नाही. त्यांच्याकडे मी फक्त मागतो. त्यांनी हा कागद पहिल्या शब्दापासून वाचावा. मी जे बोललो ते खोटं होतं आणि ते खोटं आहे हे मला बोलतानाच माहीत होतं, हे लेखी घ्यावं. मांडवात जेवढी माणसं होती तेवढ्यांना हे वाचून दाखवायला माझी हरकत नाही. त्यांनी सांगितलेली गोष्ट मात्र माझ्याकडेच राहील. ती या कागदावर कुठेही नाही, हे त्यांनी तपासून घ्यावं.

त्यानंतर सही करायची की नाही, ते त्यांनी ठरवावं. नाही केली तर मी दारातून परत येईन, काही बोलणार नाही.

लिहून देणार: निरंजन कुशाबा दळवी (सही)

साक्षीदार १: साहिल. सही केली आहे. त्याने खाली स्वतःच्या हाताने लिहिलं आहे, "सही करताना इसम शुद्धीवर होता, नाक लाल होतं."

साक्षीदार २: श्री. एकनाथतात्या, राहणार भुकूम. जागा सोडली आहे.

ठिकाण: उरवडे. दिनांक १२ फेब्रुवारी २०२६, गुरुवार, सकाळी साडेदहा.

साहिल खाली गाडी चालू करून उभा आहे. कागद घडी न घालता नेतो, घडीवर शाई उतरते. पेन सोबत घेतलं आहे, त्यांच्याकडे कदाचित नसेल. या खोलीचं दार खाली घासतं, जरा उचलून ओढावं लागतं. मी बाहेर पडतो आणि ते लावून घेतो.