बहिणीचा नवरा जवळ असताना

आदरणीय मामा,

ताइचुंगहून यी-छिंगचा वाकून नमस्कार. गुडघे आता कुरकुरत नाहीत ना? तुमच्या बागेतल्या सीताफळांना यंदा वटवाघळांनी कितपत सोडलंय? इकडे आई ठणठणीत, आणि बाबा बाल्कनीतल्या ऑर्किडना पाणी घालून घालून बुडवतायत.

तर मामा, तुम्ही जन्मभर खपून लिहिलेली शेवयांच्या यंत्राची माहितीपुस्तिका एक्सएमएल नावाच्या संगणकी साच्यात घालायचं काम तुमच्या जुन्या कारखान्याने माझ्या गळ्यात मारलं. (जमलं तर नोकरी कायम, नाहीतर मी तुमच्याकडे सीताफळं विकायला!) यातली गंमत अशी, की या साच्याला प्रत्येक ओळीची ओळख लागते. हा मथळा, ही कृती, हा सुटा भाग, ही धोक्याची सूचना. मला तर नादच लागला. परवा जेवताना मी आईच्या बोलण्यालाही तशा चिठ्ठ्या लावत बसले, तर ती म्हणाली, "आणि हा धपाटा कशात घालशील?" अजून ठरत नाहीये.

एवढ्या पानांना हाताने चिठ्ठ्या कोण लावणार? मी नियम देऊन टाकले: जाड अक्षर म्हणजे मथळा, आकडा म्हणजे कृती, लाल अक्षर म्हणजे धोक्याची सूचना. यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून आपल्याकडे ठेवतात तसं संगणकावर खाऊचं हिरवं पाकीट ठेवलं (मुदत बघून, शिळ्या खाऊने ते बिघडतं म्हणे!) आणि बटण दाबलं. पण तुम्ही मनाला येईल ते लाल करायचात, हे मला काय ठाऊक? नमुना पेनांगच्या गिऱ्हाइकाकडे गेला आणि त्यांच्या सुरक्षा अधिकाऱ्याने सौदाच अडवला. पीठ भरण्याच्या कृतीआधी, पिवळ्या त्रिकोणासकट छापलं होतं: "बहिणीचा नवरा जवळ असताना यंत्र सुरू करू नये." तो विचारतो, म्हणजे किती जवळ? हातमोजे घातले तर चालेल का?

तुम्हाला बहीण एकच, म्हणजे तिचा नवराही एकच. मी बाबांना विचारलं, "तुम्ही त्या यंत्रापाशी नक्की काय केलंत?" तर म्हणाले, "ऑर्किडना पाणी घालायचंय." आई हसून हसून खाली बसली, पण सांगेना. मी शाळेत असताना काहीतरी घडलं आणि तेव्हापासून तुम्ही दोघं बोलत नाही, एवढंच कळलं. कुतूहलाने माझा जीव चाललाय. पण एक लक्षात आलं. जिवंत माणसाचं नाव लाल अक्षरात लिहिलं तर त्याला बाधतं, म्हणून तुम्ही इतक्या रागातही बाबांचं नाव लिहिलं नाहीत. मला भरून आलं, मामा.

तो अधिकारी शुक्रवारी पाहणीला येतोय. लेखक आणि बहिणीचा नवरा दोघंही हजर पाहिजेत म्हणतो. तुम्ही आला नाहीत तर सौदा बुडाला आणि माझी नोकरीही. हवं तर एकमेकांशी बोलू नका. यंत्र बंदच ठेवू.

तुमची भाची,
यी-छिंग

ता. क. पाहणीबिहणी काही नाही. ते वाक्य काढून टाकलं तेव्हाच सौदा झाला, नोकरीही कायम झाली. शुक्रवारी आईचा साठावा वाढदिवस आहे. तुम्ही दोघं एका टेबलाशी बसावं, एवढंच तिने मागितलंय.

ता. क. २: बाबांना मी काही सांगितलेलं नाही. तरी काल बाजारातून त्यांनी ढीगभर लसूण आणली. आमच्या घरी मुळ्याच्या वड्यांबरोबर एवढी लसूण तुमच्याशिवाय कुणीही खात नाही.