आक्काचा अंगठा

५ जाने., सोम.
संग्रहालयात मीटिंग. नव्या दालनाचं उद्घाटन २७ ला. विषय: बाई, श्रम आणि हक्क. संचालक सर खुशीत. "प्रमुख पाहुणे मिळाले," म्हणाले, आणि नाव सांगितलं. हातातला चहा बशीत सांडला.
ते नाव या वहीत लिहिणार नाही. 'डॉक्टर' एवढं पुरे.
सर: "रेखा, शाळेच्या मुलींसमोर तूच बोलायचंस. शिक्षणाचं काम तुझ्याकडं आहे."
बोलते ना. बोलतेच.

६ जाने.
अकरा वर्षं झाली. मी बारावीत. त्याच्या दवाखान्याच्या पायरीवर आक्काची दोन लेकरं घेऊन बसलेली. आक्का पंचवीस वर्षांची. पांढरं जातं, ओटीपोट दुखतं, एवढीच तक्रार. ऊसतोडीला निघायला आठ दिवस होते. डॉक्टर बोलला मुकादमाशी आणि दाजींशी. "पिशवी खराब झालीय. काढली नाही तर कॅन्सर होईल." आक्का समोरच बाकड्यावर. तिच्याकडं मान वळवून पाहिलंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी पिशवी काढली.
कॅन्सरची तपासणी केलेलीच नव्हती, हे लई उशिरा कळलं.
आता तिची कंबर धरते, हाडं दुखतात, मोळी उचलत नाही. दाजी एकटे तोडीला जातात. ती मांजरसुंब्याला ढाब्यावर भाकरी थापते. छत्तिसाव्या वर्षी म्हातारी दिसते.

९ जाने., शुक्र.
सिरसाळ्याची नववी आली होती. 'संमती'चा तास. सगळ्यांना घडी घातलेला कागद दिला, खाली सही करा, मी म्हणाले. धडाधड सह्या. मग घडी उघडायला लावली. आत लिहिलेलं: 'आजपासून माझा डबा ताईंचा.' एकच कालवा! एका पोरीनं सही केलीच नव्हती. म्हणाली, "आधी वाचू द्या की ताई."
तिला जवळ घ्यावंसं वाटलं. घेतलं नाही.

११ जाने., रवि.
मांजरसुंबा. आक्काच्या पेटीत दवाखान्याची फाईल अजून आहे. मी म्हणाले, "दे, एका योजनेसाठी लागतीय." खोटं बोलले. तिनं काही न विचारता काढून दिली.
एसटीत उघडली. संमतीपत्रावर 'रुग्णाची सही अथवा अंगठा'. तिथं अंगठा.
आक्का सातवी शिकलीय! सही करते! रेशनच्या दुकानात अंगठा लाव म्हणाले तर भांडते.
अंगठा दाजींचाच असणार, त्यांना सही येत नाही. शेजारी कुणीतरी आक्काचं नाव लिहिलंय, 'मंदा'. आणि खाली डॉक्टरची झोकदार सही.
सापडलास.

१६ जाने.
ठरलं. पोरींना तोच घडीच्या कागदाचा खेळ द्यायचा, त्याच्यासमोर. तो हसेल, टाळ्या वाजवेल. मग भिंतीवरचा पडदा ओढायचा. मागं काचेत हा कागद. सरांना सांगितलेलं नाही.
बसमध्ये, जेवताना, दात घासताना त्याचं तोंड डोळ्यासमोर आणते. कसं उतरेल ते. दरवेळी थोडं जास्त उतरवते.

२० जाने., मंगळ.
आज तो दालन बघायला आला. कोयत्यावरून बोट फिरवलं. मला म्हणाला, "बेटा, गाव कुठलं?" सांगितलं. "अरे वा! तुमच्या भागातल्या बायांसाठी आयुष्य घातलं मी." पाणी मागितलं. दिलं. दोन्ही हातांनी दिलं, हसून दिलं.
ओळखलं नाही. कितीजणींना ओळखणार?

२२ जाने., गुरु.
आक्का गुडघे दाखवायला बीडला आलती. दुपारी अचानक संग्रहालयात. भाकरी, ठेचा आणलेला. माझ्या टेबलावर काचेची चौकट, आत तिचा कागद. बोट फिरवत वाचला. स्वतःच्या नावाशी थांबली.
"ही योजना हाय व्हय?"
"आक्का, ह्याला सोडायचं नाही. सत्तावीसला तो इथं येतोय, सगळ्यांसमोर..."
"माझं प्वाट काचंत लावणार?"
"तुझ्यासाठीच करतीय."
"त्यो बी तसंच म्हणला असंल. त्यानं मला इचारलं न्हवतं, रेखे. तू तरी इचारायचं."
फाईल घेतली, कागद काढून आत ठेवला, गेली. भाकरी तशीच टेबलावर.
मी संमती शिकवते. नववीला.
पण राग तिचाही आला. खरं लिहिते. इतकी वर्षं गप बसली कावून?

२४ जाने.
त्या कागदाचा फोटो माझ्या मोबाईलमध्ये आहे. फ्लेक्सवाल्याला पाठवला. आक्काचं नाव पुसायला सांगितलं. नाव नसलं तर चालतं ना? अंगठा तर तिचा नाहीच.
(असं तोही बोलला असता.)
तरी पाठवलाच.

२७ जाने., मंगळ. संध्याकाळ.
जसं झालं तसं लिहिते.
दीप लावला. डॉक्टरचं भाषण, 'आमच्या माताभगिनी' वगैरे. मी फ्लेक्स आणायला उठले, तर सतरंजीवर पोरींच्या मागं आक्का. कधी आली कुणास ठाऊक. ती उभी राहिली. हातात फाईल.
"डाक्टर, वळखलं का?"
तो हसला. "बोला ताई."
"मी मंदा. मला सही येती. मग ह्यो अंगठा कुणाचा हाय?"
तो म्हणाला, "जुनं रेकॉर्ड बघावं लागेल. उद्या दवाखान्यात या."
"कावून? हितंच सांगा की. पोरी शिकायला आल्यात."
त्यानं घड्याळ पाहिलं. शाल नीट केली. सरांच्या कानात काहीतरी बोलून निघून गेला.
तोंड उतरलं नाही. अकरा वर्षं ज्याची वाट बघितली ते झालंच नाही. नुसता कंटाळल्यासारखा दिसला. हे जास्त जाळतंय.
पोरी आक्काभोवती जमल्या. ती त्यांना सगळं सांगत होती, काय दुखायचं, कुणी काय म्हणलं. मला कधीच एवढं सांगितलं नव्हतं. मी मागं उभी.

२८ जाने., बुध.
सरांची मला नोटीस: बहिणीला कार्यक्रमात कुणी आणलं? तीन दिवसांत खुलासा. डॉक्टर बदनामीचा दावा करणार म्हणे.
दुपारी त्याचा माणूस ढाब्यावर जाऊन आला. आक्काला म्हणाला, मिटवून घेऊ. मला फोनवर तिनं सांगितलं तेव्हा मागं भाकऱ्या थापायचा आवाज चालूच.
"आक्का, तक्रार टाकू. वकील बघते. मी ह्याला..."
"थांब. मी ठरवीन. परवा सांगते."
"आणि तू नको म्हणालीस तर?"
"तर न्हाई."
"मग तो सुटला!"
"रेखे, तुला त्यो पायजे का मी?"
भाकरी करपली म्हणून तिनं फोन ठेवला. बरं झालं. उत्तर पटकन आलं नसतं.