उसने जंतू

२ मार्च

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद, घेणार असशील तर.

आई गेल्यापासून तुला लिहिलं नाही, आजही हौसेने लिहीत नाहीये. दाढेच्या दुखण्यावर जबर अँटिबायोटिक घेतलं. त्यात आतड्यातले कामाचे जंतू मेले आणि एक वाईट जंतू ठाण मांडून बसला. औषधाने दबतो, थांबवलं की पुन्हा जुलाब. मी अर्धी झालेय. वर्गात उभं राहवत नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात, निरोगी माणसाच्या शौचातले जंतू माझ्या आतड्यात सोडायचे. हे आणि मुलगा तपासणीत बाद झाले. उरलीस तू. हो की नाही तेवढं कळव. विनवण्या करणार नाही.

ताई

९ मार्च

ति. ताईस सा. न. वि. वि. हात सवयीने लिहून गेला.

पत्र वाचून आधी पोट धरून हसले. आई शेवटच्या घटका मोजत होती, मी रोपवाटिकेतून तशीच धावत आले. तू दारात आडवी आलीस. हाताला खताचा वास येतोय, आईला जंतू लागतील, आधी अंघोळ करून ये, म्हणालीस. परत आले तेव्हा आई गेली होती. आता माझेच जंतू हवेत, तेही कुठले! आमचे हे म्हणाले, सोडून दे. मी त्यांच्यावरच खेकसले. तपासणीला येतेय. का, ते विचारू नकोस. तुझ्या घरी उतरणार नाही.

लोभ नसला तरी चालेल.

धाकटी

२० एप्रिल

चि. धाकटीस आशीर्वाद.

तुझे जंतू माझ्यात रुजले, असं डॉक्टरीणबाई म्हणतात. जुलाब थांबलेत. काल पोटभर जेवले आणि ताटावरच रडले. दवाखान्यात तू नर्सशी हसून बोललीस, माझ्याकडे ढुंकून पाहिलं नाहीस. एक ठेवून द्यावीशी वाटली. आईच्या वेळी मी बरोबरच वागले, हे आजही म्हणेन. तरी रविवारी जेवायला ये.

ताई

२६ एप्रिल

ति. ताईस नमस्कार.

बरी झालीस, सुटले. जेवायला येणार नाही. तू अजून बरोबरच आहेस, तर त्या घरात मला घास उतरायचा नाही.

डॉक्टरीणबाईंचा फोन होता. दुखणं उलटलं तर पुन्हा द्याल का, विचारत होत्या. हो म्हणून ठेवलंय. त्यासाठी हल्ली मी पोटाला जपते. डाळी, भाज्या वेळेवर खाते, साध्या सर्दीला गोळी घेत नाही.

तू मात्र तोंड दाखवू नकोस.

धाकटी