बांधलेल्या गावात

सोमवार, ११ एप्रिल १९५५. सकाळी पावणेनऊ.

याच वेळेला इंद्रभान पाटलाने माझी बैलगाडी वेशीवर अडवली. गाडीत भाची विजयमाला होती, पहाटेपासून कळा सुरू झालेली. तिला रिसोडच्या दवाखान्यात न्यायचं होतं.

"गाव बांधलं मास्तरीणबाई. आता कोनी आत नाही, कोनी बाहेर नाही."

शेजारच्या गावात देवीची साथ आली आहे, म्हणून बाहेरगावाहून आलेल्या पुंजाजी भगताने शिवेभोवती हळदीचा दोरा फिरवला. एका दिवसाची बांधणी. मी पुंजाजीला विचारलं, रोग काय दोरा बघून माघारी जातो?

"तो नाही जात, पर तुमी त जा."

लोक हसले. तीस वर्षं मी यांच्या मुलींना विज्ञान शिकवलं! पोरगी रस्त्यावर बाळंत होऊ नये म्हणून गाडी वळवली. घरी येऊन पाहते तर कळा थांबलेल्या.

मंगळवार, १२.

दोरा सोडला नाही. कळाही नाहीत. दाई रुपाबाई, गावाबाहेरच्या बंजारा तांड्यावरची, पहाटे मीच बोलावलेली, तीही इथेच अडकली. विजयमालाच्या पोटावर हात ठेवून बसली.

"जीव हाये बाई. पर थांबून राह्यला."

"थांबून म्हणजे?"

"मले काय विचारता, मी का शाळेत गेली?"

बुधवार, १३.

सोमवारचं दूध अजून नासलेलं नाही. एप्रिलात! विरजण घातलं तर दहीही लागत नाही. चुलीचा धूर गल्लीत हनुवटीइतक्या उंचीवर उभा आहे, वरही जात नाही, विरतही नाही. धुरातून चालताना लोकांची फक्त डोकी दिसतात. भूक कुणालाच नाही. पाटलाचा कुत्रा सोमवारी जांभई द्यायला लागला होता, त्याचं तोंड अजून उघडंच आहे. पोरं त्याच्याकडे बघतसुद्धा नाहीत.

अमरावतीला कॉन्व्हेंटात सिस्टरनी मेणबत्तीवर काचेचा घुमट ठेवून ती विझताना दाखवली होती. ज्योत म्हणजे वस्तू नव्हे, म्हणाल्या, ज्योत म्हणजे चाललेली ये-जा. आत हवा येते, बाहेर धूर जातो, मधे जे टिकलेलं दिसतं त्याला आपण ज्योत म्हणतो. देहाचंही तेच. पुढे मी मुलींना हेच शिकवलं, आणि वर जोडलं की गावाचंही तेच. सुना येतात, लेकी जातात. बाजारातून मीठ येतं, कापूस जातो. तांडा कामाला जातो, परत येतो. ही ये-जा बंद केली की गाव उरत नाही, नुसती घरं उरतात. खुली व्यवस्था जगते, बंद भांडं संपतं.

पण संपायला तर हवं ना! घुमटाखालची मेणबत्ती विझायला हवी. इथे ती विझत नाही. पाटलाने माझाच नव्हे, पदार्थविज्ञानाचाही अपमान चालवला आहे.

विजयमाला विचारते, "मावशी, मी कळ द्यायच्या मधेच थांबलेय का गं?" मी तिला पंख्याने वारा घातला. वारा लागला नाही.

गुरुवार, १४.

दोरा न सोडण्याचं कारण कळलं. पाटलाची आई गोजराबाई रविवारपासून शेवटच्या घटका मोजत होती. सोमवारी दोरा फिरला आणि तिचा श्वास होता तिथेच राहिला. मी जाऊन पाहिलं. ओसरीत बाजेवर पडलेली, छाती वर आलेली, खाली जात नाही. डोळे टक्क उघडे. माझ्याकडे वळले.

मी इंद्रभानला म्हटलं, "दोरा सोडा. माझ्या पोरीचं मूल अडलंय."

"अन् मायले पोचवू? जित्ती हाये ना ते."

"हे जिवंत असणं नाही, पाटील."

"तुमच्या पुस्तकात नसन." मग हळू आवाजात, बाजेकडे पाठ करून, "न झालेलं लेकरू कोनाले आठवते, मास्तरीणबाई? माय आठवते."

माणूस वाईट नाही. म्हणूनच मला जास्त भीती वाटली.

शुक्रवार, १५.

कात्री घेऊन शिवेवर गेले. पलीकडे रिठदच्या रस्त्यावर वावटळ उठली होती, पळसाची पानं उडत होती. अलीकडे एक पान हललं नाही. एक गाडीवान उभा राहून मला काहीतरी ओरडून सांगत होता. तोंड हलताना दिसलं, आवाज आला नाही.

मी दोरा कापला. दोन्ही टोकं खाली पडली. काही झालं नाही. वावटळ शिवेपर्यंत आली आणि काचेवर धूळ बसावी तशी तिथे बसली.

पुंजाजी बांधावर बसून बघत होता. आज हसला नाही.

"दोरा त निशानी हाये, बाई. गाव पाटलाच्या नावानं बांधलं. त्यानं 'सोडलं' म्हनाव लागते."

"मग त्याला म्हणायला सांग."

"रोज सांगतो. मलेबी घरी जाव वाटते. भुकेची याद येऊन राह्यली."

शनिवार, १६.

गोजराबाईने रुपाबाईकरवी बोलावणं धाडलं. लेक समोर येत नाही, हाक मारली की परसात जातो. तिने मला विचारलं, "पोरीचं लेकरू माह्या पायी अडलं?" मी म्हटलं, हो. "मंग लिव्ह." एकेक शब्द घशातून सोडवून काढत होती. तिने सांगितलं ते जसंच्या तसं इथे उतरवते. खाली अंगठा तिचा आहे.

इंद्रभान, मी तुही माय. मले भूक नाही, झोप नाही, मरन नाही. तू मले ठेवलं, पर कायले ठेवलं ते इचारलं नाही. उद्या रविवार. दिवस बुडाच्या आत कागदावर 'सोडलं' लिहून माह्या हातात दे. तोंडी चालनार नाही, तोंडचं तू फिरवशीन. मले वाचता येत नाही, बाईले वाचाले लावीन.